पुढचे विमान भागीदार कंपनीचे नसेल, तर गोल्ड कार्डाला लाउंजचे दार बंद असावे का?

उद्यमबाग, बेळगाव

माझा कास्टिंगचा व्यवसाय आहे आणि जर्मनीतल्या दोन गिऱ्हाइकांमुळे वर्षातून पाच-सहा वेळा फ्रँकफर्टला जावे लागते. याच फेऱ्यांमुळे माझ्याकडे स्टार अलायन्सचे, वारंवार प्रवास करणाऱ्याला मिळणारे गोल्ड कार्ड आले. ज्यांचा याच्याशी कधी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये काही विमान कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स ही आघाडी स्थापन केली; एअर इंडिया तिच्यात जुलै २०१४ मध्ये आली. आघाडीतल्या कोणत्याही एका कंपनीचे गोल्ड कार्ड असले, की इतर भागीदार कंपन्यांच्या विमानाने निघतानाही, तिकीट अगदी इकॉनॉमीचे असले तरी, लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या आरामदायी प्रतीक्षालयात, बसता येते आणि एका सोबत्याला बरोबर नेता येते. मात्र त्या दिवशी तिथून सुटणारे तुमचे विमान आघाडीतल्याच कंपनीने उडवलेले असले पाहिजे. माझा आक्षेप या शेवटच्या अटीवर आहे.

गेल्या हिवाळ्यात वडिलांना बहिणीकडे श्टुटगार्टला नेले होते. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. परतताना फ्रँकफर्टच्या लाउंजमध्ये ते माझे सोबती म्हणून आले, गरम सूप प्याले आणि बूट काढून तासभर निवांत झोपले. मुंबईत आम्ही मध्यरात्रीनंतर उतरलो. बेळगावचे विमान स्टार एअरचे होते, तिकीट वेगळे काढलेले होते, आणि सामान देऊन, सुरक्षा तपासणी आटोपून आत गेलो तेव्हाही विमानाला चार तास होते. लाउंजच्या दारातल्या मुलीने कार्ड पाहिले, बोर्डिंग पास यंत्राखाली धरला, लाल दिवा लागला. ती अगदी नम्रपणे म्हणाली, “सर, कार्ड बरोबर आहे, पण ही फ्लाइट आमच्या यादीत नाही.” वडिलांनी बोर्डिंग पासवरच्या नावावर बोट ठेवले आणि विचारले, “अहो, इथे स्टार लिहिलंय की!”

हा गैरसमज एकट्या वडिलांचा नाही. स्टार एअर ही घोडावत समूहाची, २०१९ मध्ये सुरू झालेली कंपनी. तिचा स्टार अलायन्सशी काहीही संबंध नाही. आपल्याकडे येऊन गेलेल्या अलायन्स एअरचीही तीच गोष्ट. एकीच्या नावात स्टार, दुसरीच्या नावात अलायन्स, आणि दोघींपैकी एकही आघाडीत नाही! मला हे ठाऊक होते, तरीही दारातून परत फिरताना वडिलांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. पुढचे चार तास ते लोखंडी खुर्चीवर, हँडबॅगेवर पाय टेकवून, टोपी डोळ्यांवर ओढून बसून होते.

माझे म्हणणे असे, की माझा प्रवास मुंबईत संपत नाही, तो सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर संपतो. मुंबईकर उतरला की घरी जातो. दिल्लीकराला पुढे एअर इंडियाचे विमान मिळते, म्हणून त्याचे कार्ड चालते. ज्याच्या गावाला आघाडीतली कंपनी जातच नाही, त्याला सगळ्यात जास्त ताटकळावे लागते आणि नेमके त्याचेच कार्ड निरुपयोगी ठरते. भागीदार विमानाने परदेशातून उतरून चोवीस तास झालेले नसतील, तर पुढचा देशांतर्गत टप्पा कोणाच्याही विमानाचा असो, गोल्ड कार्डधारकाला प्रवेश मिळाला पाहिजे. निष्ठा माणसाची मोजली, तर सवलतही माणसाला द्या.

टिळकवाडी, बेळगाव

दादा, काकांचे हाल वाचून वाईट वाटले. मी बावीस वर्षे तिकिटांचे काम करते आणि अशी तक्रार महिन्यातून एकदा तरी ऐकते. तरीही नियम अन्यायाचा आहे, हे मला पटत नाही.

लाउंजमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसाचे पैसे कोणीतरी भरत असते. बहुतेक वेळा लाउंज चालवणारा वेगळा असतो आणि विमान कंपनी त्याला माणशी ठरलेली रक्कम देते. आघाडीतल्या कंपन्या आपापसांत तोच हिशेब करतात. तुम्ही आज ज्या कंपनीच्या विमानात बसणार, तिला तुमच्या तिकिटाचे उत्पन्न मिळणार, म्हणून तुमच्या चहा-नाश्त्याचा भार या साखळीत कुठेतरी बसतो. तुमच्या मुंबई–बेळगाव तिकिटाचा एक रुपयाही आघाडीकडे गेलेला नाही. मग त्या चार तासांचे पैसे कोणाकडून घ्यायचे? ज्या कंपनीने तुम्हाला मुंबईत सुखरूप उतरवले, तिचे काम तिथे पूर्ण झाले.

दुसरे असे, की ही अट फक्त स्टार अलायन्सची नाही. वनवर्ल्ड ही १९९९ पासूनची आघाडी आहे. तिच्यात तर विमानाचा क्रमांकही भागीदार कंपनीचा हवा आणि उडवणारी कंपनीही भागीदारच हवी. ब्रिटिश एअरवेजचा क्रमांक असलेले पण इंडिगोने उडवलेले विमान त्या हिशेबात धरत नाहीत, कारण इंडिगो कोणत्याच आघाडीत नाही. देशातले निम्म्याहून अधिक प्रवासी त्याच कंपनीने जातात, तेव्हा हा प्रश्न फक्त बेळगावचा नसून इंदूरचा आहे, रांचीचा आहे, कोईमतूरचाही आहे. सगळ्यांनाच चोवीस तासांची मुभा दिली तर मुंबईच्या लाउंजची काय अवस्था होईल, याचा विचार करा.

आघाडीची दारे सहज उघडत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. किंगफिशर फेब्रुवारी २०१२ मध्ये वनवर्ल्डमध्ये जाणार होती, कंपनीच डबघाईला आली आणि प्रवेश थांबला. खुद्द एअर इंडियाचा प्रवेश २०११ मध्ये रोखला गेला होता, तो तीन वर्षांनी झाला. इतकी छाननी करून आत घेतलेल्या कंपन्यांनी बाहेरच्या कंपनीच्या प्रवाशाचा खर्च उचलावा, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

मार्ग सुचवते. पुढच्या वेळी काका बरोबर असतील तर मुंबईहून एअर इंडियाने गोव्याला उतरा आणि चोर्ला घाटातून गाडीने या. कार्ड चालेल, सोबत्यालाही प्रवेश मिळेल.

निपाणी

वहिनी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रात्रभराच्या विमानप्रवासानंतर चोर्ल्याच्या वळणांतून आणायचे, तेही केवळ लाउंजसाठी? पावसाळ्यात तर त्या घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही.

मला उद्यमबागच्या साहेबांची मागणी थोडी मोठी वाटते, पण एका गोष्टीत ते पूर्ण बरोबर आहेत. कार्ड कुठल्या टप्प्यावर चालणार, हे आपल्या हातातल्या तिकिटावर कुठेच लिहिलेले नसते. माझ्या मुलाच्या तिकिटावर परदेशी कंपनीचे नाव ठळक अक्षरांत होते आणि “या कंपनीकडून संचालित” ही ओळ इतक्या बारीक अक्षरांत, की मी चष्मा लावूनही दोनदा वाचली. नियम कडक असू द्या, पण तो दारात गेल्यावर कळू नये.

संकेश्वर

मी हत्तरगीच्या विमानभागांच्या कारखान्यात काम करतो आणि फ्रान्समधल्या तुलूझला जाणे-येणे असते, त्यामुळे स्टार अलायन्सबरोबर स्कायटीम या आणखी एका आघाडीचाही अनुभव आहे. माझे मत टिळकवाडीच्या ताईंपेक्षाही कडक आहे: लाउंजचे हक्क वाढवू नयेत, असलेले नीट राखावेत.

मुंबई किंवा बेंगळुरूच्या लाउंजसमोर सकाळी सहा वाजता उभे राहून पाहा. रांग पार बाहेर दुकानांपर्यंत आलेली असते. काही डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर दोन रुपये कापून आत सोडत, त्यामुळे गर्दी इतकी वाढली, की बँकांना २०२३-२४ पासून आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घालावी लागली. मी एकदा गोल्ड कार्ड दाखवून आत गेलो आणि ताट हातात धरून उभ्याने इडली खाल्ली, कारण एकही खुर्ची रिकामी नव्हती. त्या क्षणी मी बाहेरच्या माणसापेक्षा सुखी होतो असे मला वाटले नाही. अशा जागेत भागीदार नसलेल्या कंपन्यांचे प्रवासी आणखी घ्यायचे असतील, तर हक्क सगळ्यांना मिळेल आणि खुर्ची कोणालाच मिळणार नाही.

नियमात विसंगती आहेत, हे मात्र मान्य करतो. सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. युनायटेडचा स्वतःचा गोल्ड सदस्य अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवास करत असेल, तर त्या दर्जावर त्याला युनायटेडच्याच लाउंजमध्ये प्रवेश नसतो, त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागते. पण एअर इंडियाचे गोल्ड कार्ड असलेला आपला माणूस शिकागोहून डेन्व्हरला युनायटेडने निघाला, तर त्याच लाउंजमध्ये तो हक्काने बसतो. घरच्याला मज्जाव आणि पाहुण्याला पाट! तेव्हा आपल्यावरच अन्याय होतो असे म्हणण्यापूर्वी, दुसऱ्याच्या देशात आपल्याला काय मिळते हेही पाहायला हवे.

उद्यमबाग, बेळगाव

सगळ्यांचे म्हणणे वाचले. ताई, पैशांचा मुद्दा मी टाळत नाही. मुंबईतल्या चार तासांचा खर्च ज्या कंपनीने मला फ्रँकफर्टहून आणले तिने उचलावा, असे माझे म्हणणे आहे, कारण त्या तिकिटाची मोठी रक्कम तिनेच घेतली आहे. माझ्या तिकिटाच्या रकमेपुढे एका नाश्त्याची किंमत काय असेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

संकेश्वरच्या मित्रांनी स्कायटीमचे नाव काढले म्हणून सांगतो. त्या आघाडीच्या एलिट प्लस, म्हणजे वरच्या दर्जाच्या सदस्याला निव्वळ देशांतर्गत प्रवासात लाउंजचा हक्क नसतो, पण त्याच दिवशीच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जोडलेला देशांतर्गत टप्पा असेल तर तो मिळतो. मुंबईहून पॅरिसला आणि तिथून तुलूझला जाताना तुम्हाला पॅरिसमध्ये जो प्रवेश मिळतो, तो याच तत्त्वावर. म्हणजे प्रवास सलग धरायचा, हे तत्त्व एका आघाडीने मान्य केलेलेच आहे. मी ते फक्त जिथे भागीदार पोहोचत नाही तिथपर्यंत न्यायला सांगतो आहे. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी यांसारख्या विमानतळांची यादी करा आणि तेवढ्यांपुरतीच ही सवलत द्या, म्हणजे गर्दीची भीतीही उरणार नाही.

खुर्ची नसल्याचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण गर्दी बँकांच्या कार्डांनी केली आणि दार मात्र वर्षानुवर्षे विमानाने फिरणाऱ्याला बंद, हे कसे योग्य?

संकेश्वर

पॅरिसचे उदाहरण बरोबर आहे, पण तिथे दोन्ही टप्पे एअर फ्रान्सचे असतात. तुमचे एक तिकीट एका कंपनीचे, दुसरे दुसऱ्या कंपनीचे, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही करार नाही. पहिले विमान उशिरा आले असते तर दुसऱ्या कंपनीने तुम्हाला पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी घेतली नसती. जिथे प्रवास सलग असल्याची हमीच कोणी देत नाही, तिथे लाउंजपुरता तो सलग धरायचा, हे मला मान्य नाही. भारतीय कंपन्यांनी आधी एकमेकांत जोडतिकिटाचा, म्हणजे दोन कंपन्यांचे टप्पे एकाच तिकिटावर देण्याचा, करार करावा, ही मागणी तुम्ही केलीत तर मी पहिली सही करीन.

टिळकवाडी, बेळगाव

हे मलाही मान्य आहे. जोडतिकीट असते, तर काकांचे सामानही फ्रँकफर्टहून सांबऱ्याच्या नावाने नोंदवता आले असते, आणि गोल्ड कार्डावर मिळणारे जादा सामान मुंबईत पैसे भरून पुढे न्यावे लागले नसते. दादांनी सामानाचे लिहिले नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांना लाउंजपेक्षा तोच फटका जास्त बसतो.

निपाणीच्या भाऊंची सूचना मात्र मी आजपासूनच अमलात आणते आहे. आमच्या कार्यालयातून जाणाऱ्या प्रत्येक प्रवास-तक्त्यावर एक रकाना वाढवला: विमान प्रत्यक्ष कोण उडवणार आणि त्या टप्प्यावर कार्ड चालणार की नाही. सकाळी पहिला तक्ता शहापूरच्या एका कुटुंबाचा केला. सिंगापूर–मुंबईपुढे “चालेल” लिहिले, मुंबई–बेळगावपुढे लाल शाईने “चालणार नाही, बसायची सोय आधी पाहा”. त्यांच्याबरोबर आजी आहेत, म्हणून व्हीलचेअरची मागणीही तिथेच नोंदवली.

उद्यमबाग, बेळगाव

ताई, तसाच एक तक्ता माझ्यासाठीही करून ठेवा. एप्रिलमध्ये पुन्हा जायचे आहे आणि वडील पुन्हा बहिणीकडे यायचे म्हणत आहेत. आघाडीला पत्र मी लिहिणारच आहे. जोडतिकिटाची मागणी त्यात पहिली घालतो, चोवीस तासांची दुसरी. संकेश्वरच्या मित्रांनी सही फक्त पहिलीखाली करावी.