खाडीत पायी जाणाऱ्या बाईचं नाव भरपाईच्या यादीत कसं येईल?

खाडीची लेक

नमस्कार. जरा मोठं लिहिते आहे, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती.

माझं माहेर नेरूळचं. पामबीच रस्ता ओलांडला की खाडी लागते, तिथलं गाव. आई आता एकसष्ट वर्षांची आहे. जन्मानं कोळीण, पण आमच्या घरात होडी कधीच नव्हती. बाबा आधी मिठागरावर जायचे, नंतर एका कंपनीत हेल्पर होते. पगार व्हायचा तेव्हा व्हायचा. घर चाललं ते आईच्या पायांवर. ओहोटी लागली की ती पाटी आणि कोयती घेऊन चिखलात उतरायची. खुबे आणि शिवल्या हे चिखलातले शिंपले, खडकावरची कालवं, बिळातली चिंबोरी, आणि निवटी, चिखलात बीळ करून राहणारी बारकी मासळी. निवटी धरायची म्हणजे एका बिळात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तिची पळवाट कुठे आहे ते आधीच ओळखून तिथे पाय रोवायचा. मी आठवीत असताना शिकायला गेले होते, मला एकही मिळाली नाही. आईच्या पाटीत चाळीस-पन्नास असायच्या. त्यावर माझी बारावी झाली, लॅब टेक्निशियनचा कोर्स झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूला खाडीत मोठं काम झालं. कोणतं ते इथे लिहीत नाही, कारण अर्ज करायचा आहे. काम सुरू झालं आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर चिखल बदलला. आधी पाय घोट्यापर्यंत जायचा आणि खाली टणक लागायचं. आता मांडीपर्यंत जातो आणि खाली काहीच लागत नाही, नुसता गाळ. खुब्यांची जागा होती तिथे रिकामे शिंपले सापडतात, तोंड उघडलेले. आधी एका ओहोटीला दोन पाट्या व्हायच्या. आता दोन तास वाकून एक डबा भरला तर नशीब. बाजारात बसायचं तर निदान सात-आठ वाटे तरी लावता आले पाहिजेत ना?

भरपाईची यादी करणार असं कळलं तेव्हा आई रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन गेली. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "होडीचा नंबर?" आई म्हणाली होडी नाही. "जाळ्याचं लायसन?" जाळं नाही. "मच्छीमार सोसायटीच्या सभासद?" नाही. मग तो म्हणाला, "मावशी, मग तुम्ही मच्छीमार कशा?"

तो माणूस उद्धट बोलला नाही, हेही सांगते. त्याच्या कागदावर रकानाच नव्हता. आई काही न बोलता घरी आली आणि न्हाणीत पाय धुवायला बसली. तिच्या दोन्ही तळव्यांवर कालवांच्या धारेनं झालेले पांढरे व्रण आहेत, बावन्न वर्षांचे. मला त्या दिवशी वाटलं, हे पाय त्या टेबलावर ठेवायला हवे होते.

आता उन्हाचं. उन्हाळ्यात मोबाइलवर सूचना येते, दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका. सूचना बरोबर आहे, पण आईच्या कामाची वेळ घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला-अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. ते दिवस सुखाचे, पाणीही लांब जातं. पण अष्टमीला सहाला भरती, म्हणून ओहोटी ऐन बाराला. एकादशीला सव्वादोनला. म्हणजे प्रत्येक पंधरवड्यात चार-पाच दिवस तिला मे महिन्यातही भर दुपारीच उतरावं लागतं. त्यात ते भांगाचे दिवस, पाणी फार मागे सरत नाही, चिखल थोडाच उघडा पडतो. उन्हात जास्त वेळ आणि हाती कमी. सावली नाही, उघड्या चिखलात झाड कुठलं? गेल्या मे महिन्यात तिला चक्कर आली. बरोबरच्या काकीनं पाटीतलं पाणी तोंडावर मारलं आणि ओढत बांधापर्यंत आणलं. आता ती त्या दिवसांत जात नाही. म्हणजे महिन्यातले आठ-दहा दिवस गेले. ते कुठल्या यादीत?

माझं विचारणं एवढंच आहे. होडी नसलेल्या, हातानं वेचणाऱ्या बाईनं आपलं नुकसान सिद्ध कसं करायचं? कुणी केलं आहे का?

---

ऐरोलीचा नाखवा

ताई, वाचून गप्प बसवलं नाही.

माझी होडी आहे, बारकी, बिनइंजिनाची होती, आता मशीन बसवलंय. आमच्याकडे एकदा अशीच यादी झाली तेव्हा माझं नाव आलं. बायकोचं नाय आलं. ती माझ्या आधीपासून खाडीत जाते, तिच्या आईबरोबर जायची. मला त्या वेळी त्यात काही खटकलं नाय, हे खरं सांगतो. घरात पैसे आले, झालं.

पण तुम्ही लिहिलंत म्हणून मी आमच्या सोसायटीचं जुनं रजिस्टर आठवून पाहिलं. बाया सभासद आहेत त्या बहुतेक नवरा वारल्यावर वारस म्हणून लागलेल्या. वेचणारी म्हणून एकीचं पण नाव नाय. हे सरकारनं नाय केलं, आम्हीच केलं. मीटिंग रात्री, देवळात, बाया स्वयंपाकात. तेव्हा तुमची पहिली पायरी गावातच आहे. सोसायटीकडून ठराव घ्या, की या या बाया इतकी वर्षं पायी मासेमारी करतात. ठरावाच्या कागदाला वजन असतं. पुरुष कुरकुर करतील, पैशाचे वाटे वाढतील म्हणून. त्यांना माझं नाव सांगा, नाखवा म्हणून, मी येऊन बोलतो.

आणि एक गोष्ट. गाळ भरला तेव्हा मी होडी घेऊन पुढं गेलो, खाली घारापुरीच्या अंगाला. डिझेल जास्त जळालं पण मासळी लागली. तुमची आई कुठं जाणार? माझं नुकसान तिच्याहून कमी होतं, आणि यादीत मी होतो.

---

अर्ज-विनंती

मी वकील नाही, पण पंधरा वर्षं गावांसाठी अर्ज लिहिते आहे. कामाचं तेवढं सांगते.

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात निकाल दिला. वाशीच्या मच्छीमार सहकारी संस्थेची याचिका होती. पुलाचं काम थांबलं नाही, पण पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचं नुकसान भरून द्यावं लागेल हे न्यायालयानं मान्य केलं आणि राज्याला त्यासाठी धोरण ठरवायला सांगितलं. तो निकाल मिळवून वाचा आणि अर्जात त्याचा उल्लेख करा.

होडीचा नंबर का मागतात? कारण आपल्याकडचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा हा मुळात बोटींच्या नोंदणीचा आणि परवान्याचा कायदा आहे. ऑफिसला माणूस दिसतो तो परवान्यातून. पण तो मासेमारीचं नियमन करायला केलेला आहे, नुकसान कुणाचं झालं हे ठरवायला नाही. हा फरक अर्जात ठळक लिहा. जोडीला जागतिक अन्न व कृषी संघटनेची २०१४ ची लहान मच्छीमारांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं लावा. त्यात मासेमारीच्या आधीचं, प्रत्यक्ष आणि नंतरचं असं सगळं काम धरलेलं आहे, आणि बायकांचं काम स्पष्ट धरलेलं आहे. ती बंधनकारक नाहीत, पण "मच्छीमार कोण" या प्रश्नाला उत्तर म्हणून चालतात.

माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागा: यादीचे निकष कुणी, कोणत्या बैठकीत ठरवले त्याचं इतिवृत्त, आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींचा दर सहा महिन्यांनी द्यावा लागणारा अनुपालन अहवाल. मंजुरीच्या आधीच्या अहवालात मासेमारीवर एक प्रकरण असतं. त्यात पायी वेचणाऱ्यांचा शब्द आहे का बघा. असेल तर यादीत नाव का नाही हे त्यांनी सांगायचं. नसेल तर अहवालच अर्धा आहे.

शिवाय आईबरोबरच्या साठीच्या आतल्या बायकांची ई-श्रम नोंदणी, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंद, आजच करून घ्या; तिला वयाची अट आहे, आईचं वय त्यात बसतं का ते आधी विचारा. मासेमारी हा व्यवसाय त्यात लिहिता येतो. भरपाई त्यातून मिळणार नाही, पण सरकारच्या एका तरी कागदावर त्या मच्छीमार असतील.

---

सीवूड्स २२वा मजला

मी विरोध म्हणून विचारत नाही, खरंच विचारतो. परवाना नाही, पावती नाही, तर उद्या कुणीही येऊन म्हणेल मी खुबे वेचत होतो. खरी कोण आणि खोटी कोण हे ऑफिसनं कसं ओळखायचं? दुसरं, खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य झाला आहे. मग तिथे माणसांनी उतरणं बंदच व्हायला नको का?

---

खाडीची लेक

विचारलंत ते बरं झालं, हाच प्रश्न टेबलाच्या पलीकडचेही विचारणार आहेत.

खरी कोण हे ओळखायला अर्धा तास पुरतो. ओहोटीला बांधावर या आणि तिला म्हणा चिखलात उतर. जिला सवय नाही ती दहाव्या पावलाला रुतेल. आईला चिखलाच्या रंगावरून कळतं कुठे पाय टाकायचा. पाणी सुटलेलं बारीक भोक बघून खाली खुबा आहे की शिवली, हे ती उकरायच्या आधी सांगते. हे खोटं करता येत नाही. होडीचा नंबर मात्र होडी विकल्यावरही कागदावर राहतो.

आणि पाखरांचं म्हणाल तर आई दरवर्षी त्यांची वाट बघते. ती म्हणते, पाखरू उतरतं तिथला चिखल जिता असतो. खाडी २०१५ ला अभयारण्य झाली आणि २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका आणि ती पाखरं एकाच चिखलावर जगत आली आहेत. एका बाजूला रोहित, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, शंभर पावलांवर वाकलेल्या बायका, हे मी लहानपणापासून बघितलंय. पाखरं आमच्यामुळे कमी होणार नाहीत. चिखल मेला तर दोघंही जातील, आणि त्यांना निदान पंख आहेत.

---

निवृत्त जीवशास्त्र

मी तीस वर्षं ठाण्यात महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. नाखवांनी एक फार महत्त्वाची गोष्ट सहज सांगून टाकली, ती पुराव्याच्या भाषेत मांडतो.

खुबे, शिवल्या, कालवं हे जीव जागा सोडून जाऊ शकत नाहीत. पाणी गाळून खातात. पाण्यात गाळ वाढला की त्यांची गाळणी तुंबते, वरून थर साचला की गुदमरतात. मासा पोहून दूर जातो, होडी त्याच्या मागे जाते. न हलणाऱ्या जीवावर पोट असलेली आणि पायीच जाणारी बाई मात्र दोन्ही बाजूंनी अडकते. तेव्हा खाडीतल्या बांधकामाचा पहिला आणि पूर्ण फटका हिलाच बसतो, हे शास्त्रानंच निघतं. अर्जात हे एक वाक्य असू द्या.

मोजणीही तुम्ही करू शकता. एक मीटर बाय एक मीटरची बांबूची चौकट करा. आईला तिच्या जुन्या पाच जागा दाखवायला सांगा आणि मोबाइलवर ठिकाण नोंदवून ठेवा. दर पौर्णिमेच्या ओहोटीला त्याच जागी चौकट टाकून आतले जिवंत आणि मेलेले वेगवेगळे मोजा, पाय किती खोल जातो ते काठीनं मोजा, तारखेसह फोटो काढा. तुलनेसाठी कामापासून लांब, जिथे गाळ भरलेला नाही अशा दोन जागा घ्या. त्या विसरलात तर कुणीही म्हणेल की सगळीकडेच कमी झालंय.

रामसर कराराबद्दल एक. तो करार पाणथळीचा "सुज्ञ वापर" असा शब्द वापरतो. माणसांना बाहेर काढा असं त्याचं म्हणणं नाही.

चौकट करायला जमलं नाही तर कळवा, माझ्याकडे जुनी पडून आहे.

---

खाडीची लेक

सगळ्यांना मनापासून नमस्कार. दीड महिन्यानं लिहिते आहे.

नाखवादादा खरंच आले. सोसायटीच्या मीटिंगला आई आणि आणखी सहा जणी पहिल्यांदाच आत बसल्या. ठराव एका बैठकीत झाला नाही, दुसरीत झाला. अकरा बायकांची नावं आहेत. दोघींनी अंगठा केला. एका काकीचं लग्नाआधीचं आणि नंतरचं गाव वेगळं असल्यामुळे तिच्यावर वाद आहे, तो सुटायचा आहे. माहितीचा अर्ज टाकला, उत्तर अजून नाही.

सरांची चौकट आणली. पहिली पुनव झाली. आईनं जागा दाखवल्या, त्यांना तिच्याकडे नावं आहेत हे मला आजवर माहीत नव्हतं: वरचा टेप, मधली खाच, आजीची जागा. आजीची जागा म्हणजे माझ्या आजीनं तिला पहिल्यांदा उतरवलं ती. मी वहीत तशीच नावं लिहिली आहेत, पुढे मोबाइलवरचे आकडे.

वरचा टेप: जिवंत खुबे ३, मेलेले १९, काठी ६० सेंटिमीटर.
मधली खाच: जिवंत ०, मेलेले २६, काठी ७०.
आजीची जागा: चौकट टाकता आली नाही, मी कमरेपर्यंत गेले आणि आईनं मागे फिरवलं.

सर, ही तिसरी नोंद कशी लिहायची? रिकामी सोडू की काठी पोचली नाही असं लिहू?