दीड मीटरची फळी: गाडी गोल फिरवावी की शंटिंग यार्ड करावं?

नाशिकरोडकर
हॉलमधली एक भिंत अखेर घरच्यांनी मला मोकळी करून दिली. फळीची लांबी १५० सेंमी, रुंदी ३० सेंमी. त्यापेक्षा जास्त नाही, कारण खालून जाताना डोक्याला लागेल. ह्या फळीवर छोटी रेल्वे बसवायची आहे. माझं मत: एवढ्या जागेत गाडी गोल फिरवायचा हट्ट सोडावा आणि शंटिंग यार्ड करावं, म्हणजे डबे पुढे-मागे करून गाडी लावायची जागा.

आधी मापं. एचओ हे मॉडेल रेल्वेचं माप, खऱ्याच्या १:८७. आयसीएफ कारखान्याचा प्रवासी डबा साधारण २१.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंमी. पंचवटी एक्स्प्रेसचे नुसते चार डबे आणि एक इंजिन लावलं तर पुढे सरकायला जेमतेम वीतभर जागा उरते. म्हणून मालगाडी.

इंग्लंडच्या ॲलन राइट यांची ‘इंगलनूक सायडिंग्ज’ नावाची रचना आहे. तीन सायडिंग (बाजूचे, टोकाला बंद रूळ): एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. रूळ जिथे फुटतात त्या सांध्याच्या अलीकडे इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या राहतील एवढा रूळ. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० क्रम होतात. बॉक्सएन ही उघडी वाघीण १०.७ मीटरची, एचओत १२.३ सेंमी. हिशेब केला तर दीड मीटर अगदी काठावर येतं, टोकाला गाडी अडवणारा बंपर लावायलाही जागा राहत नाही. म्हणून मी ३-२-२ करणार: एकीत तीन वाघिणी, उरलेल्या दोन्हींत दोन-दोन.

देवळालीची आजी
तुमचं गणित बरोबर असेल, पण फळी कुणासाठी बसवताय ते आधी ठरवा. माझा नातू सहा वर्षांचा आहे. सुट्टीत त्याला रोज संध्याकाळी देवळाली स्टेशनवर नेते. गाडी येते, धडधडत जाते, आणि तो पुढच्या गाडीची वाट बघतो. त्याला हवी असते ती धावणारी गाडी. पाच वाघिणी पुढे-मागे करण्यात त्याचा जीव रमणार नाही. आणि तुमच्या ३-२-२ मध्ये पाचच वाघिणी, त्यातल्या तिघींची गाडी. म्हणजे एकूण क्रम फक्त ६०. दोन महिन्यांत तुम्हीच कंटाळाल.

एन स्केल घ्या, ते आणखी छोटं माप, १:१६०. डबा साडेतेरा सेंमीच्या आत येतो. पूर्ण गोल होतो.

नाशिकरोडकर
आजी, ६० चा मुद्दा मान्य, तो मला टोचतोच आहे. पण एनचा गोलही ३० सेंमीत बसत नाही. नेहमीचं वळण २४९ मिमी त्रिज्येचं, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा मीटर, शिवाय कडेला दोन बोटं सोडायला हवीत. ती फळी राहत नाही, टेबल होतं.

घाटातला बँकर
माझे वडील इगतपुरीला बँकरवर, म्हणजे गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, असिस्टंट होते. कसाऱ्याला मागून इंजिन लागतं, घाट चढला की इगतपुरीला सुटतं. लहानपणी ते कपलिंग सुटतानाचा खणकन आवाज ऐकायला मी मुद्दाम फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. नाशिकच्या माणसाने रेल्वे करायची आणि त्यात थळ (कसारा) घाट नाही, हे मला पटत नाही. मागच्या बाजूने एक लाइन चढवा, पुढच्या लाइनवरून पुलाने न्या.

नाशिकरोडकर
दादा, माझ्याही मनात पहिला तोच नकाशा होता. घाटाचा चढ ३७ ला १. दीड मीटरमध्ये गाडी चढणार फक्त चार सेंमी. एचओत एका गाडीवरून दुसरी न्यायला निदान सात-साडेसात सेंमी उंची लागते, म्हणजे पावणेतीन मीटर नुसता चढ. चढ वाढवला तर इंजिनाची चाकं जागेवर फिरतील. पण बँकर सोडण्याचं काम शंटिंगमध्येच आहे. मालगाडी येते, मागचं इंजिन सुटतं आणि बाजूच्या सायडिंगला जाऊन थांबतं. उदबत्तीच्या काडीने कपलिंगचा हूक उचलायचा, इंजिन हळूच मागे घ्यायचं. हात स्थिर लागतो. सपाट फळीवर इगतपुरी होऊ शकते, घाट नाही.

घाटातला बँकर
हे चालेल. पण मग मागच्या भिंतीवर डोंगर रंगवा, आणि पावसाळ्यातला रंगवा.

मेन रोडचा रहिवासी
सगळे ब्रॉडगेजमध्ये अडकला आहात. नाशिकला स्वतःची ट्राम होती! १८८९ ची, घोड्यांची, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिमी. ८७ ने भागा: ८.७६. एनचा रूळ ९ मिमी. म्हणजे एचओ मापाची ट्राम, एनच्या रुळावर, जवळपास अचूक.

आता तुमचं ब्रॉडगेज भागा. १६७६ भागिले ८७, साधारण १९.३. तुम्ही वापरणार १६.५ चा रूळ. समोरून पाहिलं की इंजिन अरुंद रुळावर तोल सांभाळत उभं असल्यासारखं दिसतं. हे एकदा डोळ्याला दिसलं की दिसतच राहतं.

आणि आजींसाठी: टोमिक्स कंपनीचं ९ मिमी रुळाचं १०३ मिमी त्रिज्येचं वळण मिळतं. गोल २०.६ सेंमीचा, रुळाची पट्टी धरून २३ पर्यंत. छोट्या चार चाकी ट्रामला ते पुरतं. तुमच्या ३० सेंमीत बसतं.

देवळालीची आजी
हे मला आवडलं. पण घोडे?

मेन रोडचा रहिवासी
मोटर ट्रामच्या डब्यात, घोडे पुढे बारीक तारेवर. पाय हलणार नाहीत, ते आहे.

नाशिकरोडकर
पाय न हलणारे घोडे घसरत जाताना बघणं मला जमणार नाही. आणि शंटिंग मी सोडत नाही. पण ८.७६ चा हिशेब काल रात्री तीनदा करून पाहिला आणि झोप उडाली. वर्तमानपत्राचे कागद जोडून १५० बाय ३० चा तुकडा जमिनीवर अंथरला, डाव्या टोकाला ताटलीने गोल काढला. त्या गोलाने पंचवीस सेंमी घेतले. उरलेल्या सव्वा मीटरमध्ये ३-२-२ बसतंय. ट्राम स्टेशनबाहेर येऊन वळते, मागे यार्डात मालगाडी लागते. ट्राम घोड्यांविना, थांब्यावर उभी असलेली एक जोडी मात्र वेगळी करीन.

रविवारी १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय आणतो, खालून लाकडी चौकट, नाहीतर पावसाळ्यात फळी वाकते आणि सांधे अडतात. बँकर दादा, डोंगर तुम्ही रंगवायला याल का?

घाटातला बँकर
येतो. ब्रश माझे.