चीनमधील वृद्धांची ठिसूळ हाडे: आधी दूध, आधी तपासणी, की आधी मोडलेल्या हाडाची दखल? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या आधी लिहिणाऱ्याचे नाव आहे)

पूर्वरंग

चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हाडांच्या ठिसूळपणाविषयीच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी १९.२ टक्के लोकांना ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा विकार) आहे, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३२.१ टक्के तर पुरुषांमध्ये ६ टक्के आहे, आणि पासष्टीपुढच्या स्त्रियांमध्ये ते ५१.६ टक्क्यांवर जाते, असे त्यात नमूद होते. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण हा शेवटचा आकडा उचलतात आणि तेथून थेट दूध, कॅल्शियमच्या गोळ्या आणि कोवळे ऊन यांच्याकडे वळतात. मला मात्र याच सर्वेक्षणातील दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करते.

या पाहणीवर आधारलेला शोधनिबंध २०२१ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात आला. अकरा प्रांतांमधील वीस हजारांहून अधिक लोकांची हाडांची घनता डेक्सा या क्ष-किरणांच्या यंत्राने मोजली गेली आणि चाळिशीपुढच्यांच्या मणक्यांचे एक्स-रेही पाहिले गेले. चाळिशीपुढच्या पुरुषांपैकी १०.५ टक्के आणि स्त्रियांपैकी ९.७ टक्के लोकांचा किमान एक मणका दबलेला, म्हणजेच फ्रॅक्चर झालेला, आढळला. ज्यांना ऑस्टिओपोरोसिस होता किंवा किरकोळ धक्क्याने ज्यांचे हाड मोडले होते, त्यांच्यापैकी पुढचे फ्रॅक्चर टाळण्याचे औषध घेणारे किती होते? पुरुषांत ०.३ टक्के आणि स्त्रियांत १.४ टक्के.

एकदा हाड मोडलेल्या वृद्धाला पुन्हा फ्रॅक्चर होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो. अशा रुग्णाला शोधायला कोणतीही मोहीम लागत नाही, कारण तो स्वतःच रुग्णालयात आलेला असतो. अस्थिरोग विभाग हाड जोडतो, टाके काढतो आणि रुग्णाला घरी पाठवतो. हाड इतक्या सहज का मोडले, हे विचारण्याची जबाबदारी बहुधा कोणाकडेच नसते. खुब्याचे हाड मोडल्यानंतर वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधामुळे नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्येच एका मोठ्या चाचणीत दिसले होते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, २०२० च्या जनगणनेनुसार पासष्टीपुढचे १९ कोटी लोक असलेल्या देशाने आपला पैसा आणि मनुष्यबळ सर्वप्रथम ज्यांचे हाड आधीच मोडले आहे त्यांच्यावर खर्च करावे. सरसकट तपासण्या आणि आहारप्रचार त्यानंतर यावेत. विरोधी मते अवश्य मांडावीत.

काटेकोर

आपल्या मांडणीतील तळमळ मान्य आहे, परंतु तिचा पाया असलेले आकडेच आधी तपासायला हवेत. ऑस्टिओपोरोसिसची व्याख्या टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीपेक्षा हाडांची घनता किती कमी-जास्त आहे याचे माप) उणे २.५ किंवा त्याखाली अशी आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती १९९४ मध्ये गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवरून ठरवली. डेक्सा यंत्र हाडाची खरी, म्हणजे घनफळातील घनता मोजत नाही, तर पडद्यावर पडणाऱ्या क्षेत्रफळामागे किती खनिज आहे तेवढेच मोजते. त्यामुळे चणीने लहान असलेल्या माणसाचे हाड पुरेसे भक्कम असले तरी यंत्रावर ते कमकुवत दिसते. तुलनेसाठी कोणत्या तरुणांचा गट घेतला यावरही टक्केवारी पुष्कळ बदलते. अर्ध्या वृद्ध स्त्रियांना रुग्ण ठरवणारी व्याख्या मला तरी संशयास्पद वाटते, विशेषतः जेव्हा खुब्याच्या फ्रॅक्चरचे प्रमाण चीनमध्ये स्कँडिनेव्हियन देशांपेक्षा बरेच कमी आहे.

दुसरा मुद्दा पुरुषांचा आहे. आपण दिलेल्या त्याच शोधनिबंधात चाळिशीपुढच्या पुरुषांमध्ये ऑस्टिओपोरोसिस ५ टक्के आणि स्त्रियांमध्ये २०.६ टक्के आहे, तरीही दबलेल्या मणक्यांचे प्रमाण दोघांमध्ये जवळजवळ सारखेच आहे. याचा सरळ अर्थ असा निघू शकतो की यांतील बरेच मणके तरुणपणी शेतात, खाणीत किंवा बांधकामावर ओझी वाहताना दबलेले असावेत. अशा प्रत्येक माणसाला औषधाखाली आणायचे काय? ही औषधे निरुपद्रवी नाहीत. झोलेड्रॉनिक ॲसिड ज्यात मोडते त्या बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये मांडीचे हाड मध्येच, काही कारण नसताना मोडण्याचा विरळ प्रकार घडतो, आणि २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये हा धोका गोऱ्या स्त्रियांच्या कित्येक पट आढळला होता. उपचार घेणारे इतके कमी आहेत हे दुःखद आहे, हे मी एकदम मान्य करणार नाही. किती जणांना खरोखर उपचार हवेत, हे आधी ठरायला हवे.

शांघायवासी

मी नोकरीनिमित्त गेली काही वर्षे शांघायमध्ये राहतो. वैद्यकातला नाही, पण एक उदाहरण फार जवळून पाहिले आहे. आमच्या गल्लीत जुन्या पद्धतीची दाटीवाटीची घरे आहेत आणि कपडे वाळत घालण्यासाठी खिडकीबाहेर लांब बांबू काढलेले असतात. शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढे आहेत. पूर्वी त्या चवड्यांवर उभ्या राहून त्या बांबूवर चादर सहज टाकत असत. आता त्यांचा हात तेथवर पोहोचत नाही आणि त्या पायाखाली स्टूल घेतात. पाठीत बाक आला आहे, सदऱ्याचा पुढचा काठ मागच्यापेक्षा खाली लोंबतो. मध्यंतरी खोकल्यासाठी त्यांचा छातीचा एक्स-रे काढला गेला. त्यांच्या नातवाने तो मला दाखवला, तेव्हा बाजूने काढलेल्या चित्रात दोन मणके पुढच्या बाजूने पाचरीसारखे चेपलेले माझ्यासारख्यालाही दिसले. अहवालात मात्र केवळ फुप्फुसांविषयी चार ओळी होत्या. रुग्णालयाचे नाव घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडते असे मला वाटत नाही.

काटेकोर यांना एक सांगावेसे वाटते. या आजींनी आयुष्यात कधी ओझी वाहिली नाहीत. त्या कापड गिरणीच्या कार्यालयात हिशेब लिहीत असत. त्यांचे मणके तरुणपणी दबले असते, तर उंची गेल्या काही वर्षांत कमी झाली नसती. आणि स्टुलावर चढणाऱ्या त्या बाईंना पाहताना मला टी-स्कोअरच्या व्याख्येपेक्षा त्या खाली पडतील याचीच भीती अधिक वाटते.

शहरातील वृद्ध त्यातल्या त्यात सुदैवी आहेत. सकाळी बागेत ताई-ची आणि संध्याकाळी चौकात समूहनृत्य यांमुळे पायांत ताकद आणि तोल टिकून राहतो. याच सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये ऑस्टिओपोरोसिसचे शहरी प्रमाण १६.२ टक्के तर ग्रामीण प्रमाण २०.७ टक्के होते. गावात मुले शहरात गेलेली असतात आणि डेक्सा यंत्र जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयाशिवाय सहसा नसते. मोडलेल्या हाडाची दखल घ्या असे पूर्वरंग म्हणतात, परंतु गावातील वृद्धेचा मणका दबतो तेव्हा ती पाठीला मलमपट्टी लावून घरीच पडून राहते. ती आपल्या योजनेत कोठे बसते?

अनुपमा_के

मी आहारशास्त्राची अध्यापिका आहे आणि पूर्वरंग यांच्या क्रमाला माझा ठाम विरोध आहे. साठ वर्षे जे घडत आले त्याची दखल खुबा मोडल्यावर घ्यायची, या धोरणाला मी अग्रक्रम देऊ शकत नाही.

या सर्वेक्षणात पासष्टीपुढे असलेले सर्व लोक १९५३ किंवा त्यापूर्वी जन्मलेले होते. म्हणजेच १९५९ ते १९६१ च्या भीषण दुष्काळात त्यांतील सर्वात लहान मुले सहा ते आठ वर्षांची होती आणि थोरल्या मुली ऐन वयात येत होत्या. आयुष्यभर पुरणारे हाडांचे भांडवल ज्या वयात साठते, त्याच वयात त्यांना पोटभर अन्न मिळाले नव्हते. पुढे परिस्थिती सुधारली तरी २०१०-१२ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत दरडोई कॅल्शियमचे सेवन दिवसाला सुमारे ३६६ मिलिग्रॅमच होते, म्हणजे शिफारशीच्या निम्म्याहूनही कमी. दुग्धजन्य पदार्थांचे सेवन दिवसाला जेमतेम २५ ग्रॅम होते, तर २०२२ च्या आहार मार्गदर्शिकेत ३०० ते ५०० ग्रॅम दूध किंवा दुग्धजन्य पदार्थ सुचवले आहेत. बहुतेक चिनी प्रौढांना दुधातील लॅक्टोज नीट पचत नाही हे खरे आहे, परंतु एखादा पेला दूध किंवा दही बहुतेकांना सोसते.

दुधाशिवायही मार्ग आहेत, आणि येथे मला थोडे विषयांतर करू द्या. दक्षिण चीनमध्ये टोफू जिप्सम घालून विरजतात, म्हणजे त्यात कॅल्शियम सल्फेट मिसळले जाते. उत्तरेकडे मात्र मिठागरातील खारे पाणी वापरण्याची रीत आहे, त्यात मुख्यतः मॅग्नेशियम असते. दोन्हीकडचे लोक टोफू खातात, पण हाडांच्या वाट्याला येणारे कॅल्शियम सारखे नसते. त्यातच बीजिंग ४० अक्षांशावर आणि हार्बिन त्याहून बरेच उत्तरेला असल्यामुळे हिवाळ्यात तेथील उन्हातून त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. पुरुषांच्या बाबतीत तंबाखू विसरून चालणार नाही: २०१८ मध्ये चीनमधील ५०.५ टक्के प्रौढ पुरुष धूम्रपान करत होते आणि धूम्रपानाने हाडांची झीज वाढते हे सिद्ध झालेले आहे.

अन्नाने फ्रॅक्चर टळतात याला पुरावा नाही असे कोणी म्हणू नये. २०२१ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत वृद्धाश्रमांच्या जेवणात दूध, दही आणि चीज वाढवल्यावर एकूण फ्रॅक्चर ३३ टक्क्यांनी आणि खुब्याची फ्रॅक्चर ४६ टक्क्यांनी घटली. हा उपाय स्वयंपाकघरातूनच करता येतो आणि त्याला अस्थिरोगतज्ज्ञ लागत नाही.

ओवी

काटेकोर यांच्या मुद्द्याला आपल्याकडचा एक दुजोरा देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१० मध्ये भारतीय तरुणांच्या हाडांच्या घनतेची स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली, आणि ती वापरली की परदेशी मानकांच्या तुलनेत ऑस्टिओपोरोसिसचे प्रमाण खाली येते. चणीचा प्रश्न आपल्या आयाआज्यांनाही लागू आहे, म्हणून चीनमधील हा वाद मी लक्ष देऊन वाचते आहे.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. प्रथम अनुपमाताईंना उत्तर देतो. दुष्काळाविषयी त्यांनी लिहिले ते मला पूर्णपणे पटते, परंतु त्यातून माझेच म्हणणे बळकट होते. त्या पिढीचे बालपण आता कोणीही परत आणू शकत नाही. तिच्यासाठी जे शक्य आहे ते आजच्या रुग्णालयातच शक्य आहे. मुलांना दूध देण्याविषयी म्हणाल तर बीजिंगमध्ये दहा वर्षांच्या मुलींना शाळेत दोन वर्षे दूध देऊन पाहिले होते. हाडांतील खनिज वाढले, पण दूध बंद झाल्यावर तीन वर्षांनी तपासले तेव्हा घनतेतील तो फरक उरला नव्हता. वृद्धाश्रमातील चाचणी मात्र मौल्यवान आहे, हे निःसंशय. अडचण एवढीच की चीनमधील बहुसंख्य वृद्ध आश्रमात नाहीत, घरी आहेत, आणि तेथे रोज कोणी ताट वाढून देत नाही. घरी राहणाऱ्या, सर्वसाधारण प्रकृतीच्या लोकांना ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्याने फ्रॅक्चर कमी झाली नाहीत, असे २०२२ मधील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले.

काटेकोर यांनी ज्या अभ्यासाचा दाखला दिला, त्यातील पुढचे आकडेही मांडायला हवेत. तीन वर्षे औषध घेणाऱ्या दहा हजार आशियाई स्त्रियांमागे मांडीच्या हाडाची तशी फ्रॅक्चर ८ होतील, तर खुब्याची ९१ टळतील, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. गोऱ्या स्त्रियांपेक्षा हे प्रमाण कमी अनुकूल आहे, तरीही पारडे कोणत्या बाजूला झुकते ते स्पष्ट आहे. शिवाय वृद्धांच्या कमरेच्या मणक्यांवर अस्थिवृद्धी झालेली असल्यामुळे डेक्सा अनेकदा घनता जास्तच दाखवते, म्हणजे यंत्राची चूक दोन्ही दिशांना होते.

शांघायवासी यांच्या प्रश्नाने मला खरोखर विचारात पाडले. गावातील ती वृद्धा माझ्या योजनेत आज बसत नाही. तिच्यासाठी उंची मोजण्याची पट्टी हा पहिला उपाय असू शकेल: तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उंची घटली असेल, तर गावच्या डॉक्टरने तिला पाठीच्या एक्स-रेसाठी पाठवावे. यासाठी डेक्सा यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

काटेकोर

आठ विरुद्ध एक्याण्णव हा हिशेब खुबा मोडलेल्या स्त्रीच्या बाबतीत मी मान्य करतो. तेथे आपला मतभेद संपला. दबलेल्या मणक्यांच्या बाबतीत तो संपलेला नाही. उंची घटल्याचे किंवा ताजे दुखणे असल्याचे दिसत नसताना, केवळ जुन्या एक्स-रेवरील पाचर पाहून साठीच्या शेतकऱ्याला औषध सुरू करणे मला योग्य वाटत नाही.

आणि सरसकट तपासणीला आपला दोघांचाही विरोध असेल, तर तो उघडपणे नोंदवला पाहिजे. २०१७ मध्ये चीनच्या सरकारने मीठ, तेल, साखर कमी करणे आणि दात, वजन, हाडे सांभाळणे या सूत्राबरोबरच चाळिशीपुढच्या सर्वांच्या नेहमीच्या आरोग्य तपासणीत हाडांची घनता मोजण्याचा पुरस्कार केला. ब्रिटनमध्ये सत्तर ते पंच्याऐंशी वर्षांच्या बारा हजारांहून अधिक स्त्रियांवर धोक्याची प्रश्नावली आणि मग निवडक डेक्सा अशी पद्धत वापरून पाहिली गेली. २०१८ च्या निष्कर्षानुसार त्यातून खुब्याची फ्रॅक्चर २८ टक्क्यांनी घटली, पण एकूण फ्रॅक्चर घटली नाहीत. सत्तरीपुढे एवढाच लाभ दिसत असेल, तर चाळिशीच्या माणसांना रांगेत उभे करण्यासाठी लागणारी यंत्रे शांघायवासी म्हणतात त्या गावांच्या वाट्याला आधी यायला हवीत.

अनुपमा_के

यंत्रांच्या वाटपाविषयी सहमत आहे. फक्त एक दुरुस्ती: बीजिंगच्या मुलींचा लाभ दूध थांबवल्यावर ओसरला, यावरून दूध निरुपयोगी ठरत नाही, ते थांबवू नये असे ठरते. आज चाळिशीत असलेल्या चिनी स्त्रिया रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वात वेगाने होते. त्यांचा खुबा मोडायला अजून तीस वर्षे आहेत, म्हणून त्यांना रांगेत शेवटी ठेवावे, हे मला मान्य नाही.