कायोफोरा कोरोनाटा: वर्णन आणि वर्गीकरण यांविषयी काही प्रश्न

पर्णिका (धागाकर्ती)

नमस्कार. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसाठी मी जगातील दंश करणाऱ्या वनस्पतींवर एक मराठी टिपण तयार करीत आहे. त्यात अँडीज पर्वतरांगेतील कायोफोरा कोरोनाटा या जातीचा समावेश करावा असे मनात आहे. अर्जेंटिना आणि चिलीच्या बाजूच्या उंच, खडकाळ उतारांवर वाढणारी ही बहुवर्षायू ओषधी जमिनीलगत पसरते. तिची पाने पिच्छाकृती विभागलेली असतात, मोठी पांढरी फुले पानांच्या गर्दीत जवळजवळ जमिनीला टेकलेली दिसतात आणि सर्वांगावर दाहक केस असतात, इतके वर्णन मला उपलब्ध साहित्यातून जुळवता आले. पुढे मात्र तीन ठिकाणी अडचण येते.

पहिली अडचण नावाची आहे. जुन्या नोंदींत हीच वनस्पती लोआसा कोरोनाटा म्हणून येते, नंतरच्या नोंदींत कायोफोरा म्हणून, आणि काही लेखक प्रजातीचे (जीनसचे) नाव काजोफोरा असेही लिहितात. दुसरी अडचण अशी की, आपल्याकडे पदवीला शिकवल्या जाणाऱ्या बेंथॅम आणि हूकर यांच्या पद्धतीत लोआसेसी हे कुल कृष्णकमळाच्या कुलाशेजारी, पॅसिफ्लोरेल्समध्ये आहे, तर अलीकडचे सर्व लेखन त्याला कॉर्नेल्स गणात ठेवते. ही दोन स्थाने परस्परांपासून इतकी दूर आहेत की, केवळ ‘मत बदलले’ असे सांगून विद्यार्थ्यांचे समाधान होणार नाही. तिसरी अडचण फुलाची आहे: त्यातील वंध्य केसरदलांची (परागकण न देणाऱ्या पुंकेसरांची) रचना शब्दांत नेमकी कशी मांडावी, हे मला उमगलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यवेल्हाळ

छायाचित्रांत ही वनस्पती पाहिली की प्रथम आपल्याकडच्या खाजऱ्या झाडांची आठवण होते. स्थानिक लोकही तिला ऑर्तिगा म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये तो शब्द मूळचा युरोपातील आग्या वनस्पतींचा, म्हणजे अर्टिका प्रजातीचा आहे. केसांची रचनाही सारखीच असते असे वाचले आहे. असे असताना हिला अर्टिकेसी कुलाच्या निदान जवळपास तरी का ठेवले जात नाही, हा माझाही प्रश्न या धाग्यात जोडतो.

जुना_वर्गीकरणकार

पर्णिकाताई, आपले प्रश्न योग्य क्रमाने आले आहेत. तथापि उत्तराची सुरुवात सह्यवेल्हाळ यांच्या शंकेपासून करणे सोयीचे ठरेल, कारण दंश हे लक्षण बाजूला सारल्याशिवाय पुढचे काही नीट दिसत नाही.

दाहक केस वनस्पतिसृष्टीत अनेकदा, परस्परांशी संबंध नसलेल्या कुलांत स्वतंत्रपणे निर्माण झाले आहेत. आपल्याच परिसरातील उदाहरणे घ्यावीत. सह्याद्रीतील गिरार्डिनिया अर्टिकेसी कुलातील आहे. ट्रॅजिया प्रजातीतील खाजकोलती एरंडाच्या कुलातील असून तिच्या केसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचा सुईसारखा स्फटिक असतो. खाजकुयली शिंबावंत असून तिच्या शेंगेवरील लव कातडीत रुतते आणि तिच्यातील प्रथिन-विघटक विकरामुळे खाज सुटते. तिन्ही वनस्पतींना माणूस एकाच शब्दाने शिव्या घालतो, पण त्यांची कुले वेगळी आणि दंशाची यंत्रणाही वेगळी आहे. लोआसेसीचा केस यांपैकी अर्टिकाच्या केसाशी सर्वांत जास्त जुळतो, हे खरे: बहुपेशीय बैठकीवर उभा असलेला एकच लांब पेशीचा केस, त्याच्या टोकाला ठिसूळ गाठ, आणि स्पर्श होताच ती गाठ मोडून आतील द्रव कातडीत शिरणे. परंतु भिंतीच्या कठीणपणाचे द्रव्य पाहिले तर तेथेही फरक आढळतो. २०१६ साली बॉन विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवले की, लोआसेसीच्या केसांची टोके कॅल्शियम फॉस्फेटने, म्हणजे आपल्या दातांत व हाडांत असते त्याच प्रकारच्या खनिजाने, कठीण झालेली असतात. वनस्पतीमध्ये हे खनिज आधारद्रव्य म्हणून आढळल्याची ती पहिलीच नोंद होती. त्याखालच्या भागात कॅल्शियम कार्बोनेट असते आणि काही जातींत सिलिकाही सापडते. अर्टिकाच्या केसांत सिलिकाचा वाटा मोठा असतो.

शिवाय लोआसेसी कुलातील सर्वच वनस्पती दंश करीत नाहीत. उत्तर अमेरिकेतील मेंटझेलियाच्या अंगावर आकडेदार केस असतात, ते कपड्यांना चिकटतात, पण दंश करीत नाहीत. दाहक केस प्रामुख्याने लोआसॉइडी या उपकुलात आढळतात. म्हणजे हे लक्षण कुलाच्या आतही मर्यादित आहे; त्याच्या आधारे कुलाचे स्थान ठरवणे शक्य नाही.

आता स्थान का बदलले, ते पाहू. लोआसेसी कुलाची स्थापना जुसिऊ यांनी १८०४ साली केली. अधःस्थ किंजपुट (पाकळ्यांच्या खाली असलेला अंडाशय), तटलग्न बीजकविन्यास (किंजपुटाच्या भिंतीला लागलेली बीजके) आणि पुष्कळ केसरदले ही बाहेरून दिसणारी लक्षणे पाहता बेंथॅम आणि हूकर यांनी त्याला कृष्णकमळ, काकडी व बेगोनिया यांच्या कुलांसोबत ठेवले, हे त्यांच्या चौकटीत सुसंगतच होते. एंग्लर यांच्या परंपरेत ते पॅरिएटेल्समध्ये गेले आणि क्रॉन्क्विस्ट यांनी व्हायोलेल्समध्ये ठेवले. गणाचे नाव बदलले तरी आधार तोच, म्हणजे तटलग्न बीजकविन्यास. हचिन्सन आणि तख्ताजान यांनी मात्र लोआसेल्स असा स्वतंत्र गण मानला. माझ्या मते हा निर्णय पळवाट नव्हता. पुरावा अपुरा असताना चुकीच्या शेजारात बसवण्यापेक्षा वेगळे ठेवणे अधिक प्रामाणिक होते.

खरी अडचण बीजकात होती. व्हायोलेल्समधील कुलांत बीजकाला सहसा दोन अध्यावरणे (बाहेरची आवरणे) असतात, प्रदेह (बीजकाचा आतील गाभा) जाड असतो आणि पुष्काची (बीजातील पोषक ऊतीची) वाढ प्रथम केवळ प्रकलांच्या (पेशीकेंद्रांच्या) विभाजनाने होते. लोआसेसीत अध्यावरण एकच, प्रदेह पातळ, आणि पुष्क प्रारंभापासून पेशीय असून त्याच्या टोकांना चूषके (अन्न शोषणारे भाग) तयार होतात. यात भर म्हणून इरिडॉइड वर्गाची संयुगेही आढळतात. ही सर्व लक्षणे एकत्र मिळतात ती कॉर्नस आणि हायड्रेंजिया यांच्या बाजूला. भ्रूणविज्ञानाचा हा पुरावा अनेक दशके उपलब्ध होता. डीएनएच्या क्रमवाचनाने त्याला दुजोरा दिला आणि १९९८ च्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या मुख्यतः डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणापासून लोआसेसी हे कॉर्नेल्स गणात, हायड्रेंजियाच्या कुलाच्या निकट स्थिरावले.

विद्यार्थ्यांना हे जवळचे वाटावे असे उदाहरण द्यायचे असेल तर अंकोलाचे द्यावे. महाराष्ट्राच्या कोरड्या रानांत सर्वत्र दिसणारा अंकोल, म्हणजे अलँजियम, कॉर्नेसीतील असून तोही याच कॉर्नेल्स गणात येतो. बेंथॅम-हूकर पद्धतीत अंकोल अंबेलेल्समध्ये, हायड्रेंजिया सॅक्सिफ्रागेसीत आणि लोआसेसी पॅसिफ्लोरेल्समध्ये असे तिघे तीन ठिकाणी विखुरलेले होते. वर्गात ही तीन नावे तीन कोपऱ्यांत लिहून मग बीजकाचा छेद दाखवावा. स्थान का बदलले ते त्यातून स्पष्ट होईल.

परागवेध

वरील प्रतिसाद पुरेसा सविस्तर असल्याने मी फक्त फुलाविषयी लिहितो. माझ्या मते टिपणातील सर्वांत मोठी जागा फुलालाच मिळायला हवी.

वर्णन बाहेरून आत या क्रमाने करावे. संदले सहसा पाच आणि पाकळ्याही पाच. पाकळ्या सपाट नसतात. प्रत्येक पाकळी होडीसारखी खोलगट असते आणि उमलत्या फुलात केसरदलांचा एकेक जुडगा त्या होडीत आडवा पहुडलेला असतो. म्हणजे केसरदलांचे जुडगे पाकळ्यांसमोर असतात. संदलांसमोरच्या जागी वंध्य केसरदले असतात आणि आपली अडचण तेथेच आहे. प्रत्येक संदलासमोर पाच वंध्य केसरदलांचा एक संच असतो. त्यांपैकी बाहेरची तीन परस्परांना जुळून एक जाड, बहुधा रंगीत, पोकळ शल्क बनते आणि आतली दोन सुटी राहून त्या शल्काच्या आतील बाजूस उभी असतात. मकरंद या शल्काच्या पोकळीत साठतो. म्हणून ‘मकरंद-शल्क’ ही संज्ञा वापरून, ते तीन वंध्य केसरदलांचे संयुक्त रूप आहे असे एका वाक्यात सांगितले की पुरे. पाच शल्के आणि त्यांच्या मधोमध किंजल (किंजपुटावरील दांडा) असल्याने मकरंद पाच वेगळ्या जागी मिळतो आणि भेट देणाऱ्याला प्रत्येक शल्क बाहेरच्या बाजूला रेटावे लागते.

या रेटण्याला फूल प्रतिसाद देते. शल्काला धक्का लागला की पाकळीच्या होडीतील एखादे केसरदल काही मिनिटांत उठून फुलाच्या मध्यभागी येते आणि परागकण पुढे करते, त्यानंतर पुढचे. सर्व परागकण एकाच पाहुण्याच्या अंगावर न सांडता ते हप्त्याहप्त्याने दिले जातात. केसरदलांची ही अवस्था संपल्यावरच किंजल वाढून किंजल्क (त्याचे पराग स्वीकारणारे टोक) ग्रहणक्षम होतो. म्हणून फूल पुंपूर्वपक्व आहे असे नोंदवावे. पेरूमधील नासा पॉइसोनियाना या नातलग जातीवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे आढळले की, पाहुण्यांच्या भेटींमधील पूर्वीच्या अंतराप्रमाणे फूल पुढचे केसरदल उठवण्याची वेळ बदलते. त्याला ‘बुद्धी’ म्हणावे का यावर वाद घालता येईल. मी स्वतः तो शब्द टिपणात वापरणार नाही, पण निरीक्षण अवश्य नोंदवीन.

कायोफोरात फुलांचे पाहुणे जातीनुसार बदलतात. नारिंगी-तांबड्या फुलांच्या जातींकडे हमिंगबर्ड येतात, काही जातींकडे मधमाश्यांचे रानटी भाईबंद येतात. आपण निवडलेल्या कायोफोरा कोरोनाटाची गोष्ट याहून निराळी आहे. कोकुची आणि सेर्सिक या अर्जेंटिनातील संशोधकांनी १९९८ मध्ये या जातीचे परागण लहान कृंतक प्राणी, म्हणजे उंदीर, करीत असल्याचा पुरावा मांडला. जमिनीलगतची मोठी, मजबूत, फिकट फुले आणि त्यांतील भरपूर मकरंद यांचा अर्थ त्यानंतर उलगडतो. ज्या झाडाला माणूस हात लावायला धजत नाही, त्यातच उंदराने तोंड घालावे, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

पर्णिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अंकोलाचे उदाहरण मी निश्चित घेईन. आता केवळ नावाचा प्रश्न उरतो: लोआसा आणि कायोफोरा यांत सीमारेषा कोणत्या लक्षणावर आखली जाते? आणि केवळ छायाचित्रावरून प्रजाती ठरवता येते काय?

जुना_वर्गीकरणकार

लोआसा हे नाव अडान्सन यांनी १७६३ मध्ये दिले आणि पुढे दीर्घकाळ या गटातील पुष्कळशा वनस्पती त्याच नावाखाली येत राहिल्या. ‘लोआसा कोरोनाटा’ हे नाव त्याच काळातील आहे. मेंडोसा येथे राहणारे स्कॉटिश वैद्य जॉन गिलीझ यांनी ते सुचवले होते आणि अर्नॉट यांनी ते प्रसिद्ध केले. कायोफोरा ही प्रजाती प्राग येथील प्रेस्ल यांनी १८३१ साली, स्पेनच्या मालास्पिना सागरी मोहिमेतील हेंके यांच्या वनस्पतिसंग्रहावर काम करताना स्थापन केली आणि हूकर व अर्नॉट यांनी कोरोनाटा ही जाती तिच्यात आणली. मूळ प्रकाशनात रोमन अक्षर ‘आय’ आहे, ‘जे’ नव्हे, म्हणून कायोफोरा हेच रूप ठेवावे. काजोफोरा हे त्याचेच लेखनभेदाने आलेले रूप आहे, वेगळी प्रजाती नव्हे.

सीमारेषा मुख्यतः फळावर आखली जाते. लोआसाचे बोंड टोकाला झडपांनी उघडते. कायोफोराचे बोंड टोकाला न उघडता बाजूंवर उभ्या चिरांनी उघडते आणि अनेक जातींत ते दोरासारखे पिळलेलेही असते. पाने कायोफोरात संमुख असतात. नासा या तिसऱ्या प्रजातीत, जिचे नाव वाइगेंड यांनी २००६ मध्ये विधिवत प्रसिद्ध केले आणि जिच्यात आज शंभराहून अधिक जाती येतात, वरची पाने एकाआड एक असून बोंड टोकालाच उघडते. अर्बन आणि गिल्ग यांच्या १९०० सालच्या प्रबंधात यातील बराच भाग लोआसातच होता, त्यामुळे त्या आधारावर लिहिलेल्या जुन्या वनस्पतिसूचींतील ‘लोआसा’ हे नाव दिसले की ती आजची लोआसाच असेल असे गृहीत धरू नये.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. फुलाचे सुंदर छायाचित्र प्रजातीसाठी अपुरे आहे. पक्व बोंडाचे एक, पाने खोडाला कशी लागली आहेत ते दाखवणारे एक आणि मकरंद-शल्क बाजूने दिसेल असे एक, अशी किमान तीन छायाचित्रे मिळाली तर निदान प्रजातीपर्यंत खात्रीने जाता येते. जातीसाठी मात्र वनस्पतिसंग्रहातील नमुन्याशी ताडून पाहावे लागेल. असा वाळवलेला नमुना हाताळण्याची वेळ आली तर हातमोजे घालावेत, कारण केसांतील खनिज वाळल्याने नाहीसे होत नाही.

टिपणातील वर्गीकरणाची ओळ अशी ठेवावी: गण कॉर्नेल्स, कुल लोआसेसी, उपकुल लोआसॉइडी, प्रजाती कायोफोरा, जाती कोरोनाटा, समानार्थी नाव लोआसा कोरोनाटा. बेंथॅम-हूकर यांचे स्थान त्याखाली स्वतंत्र ओळीत द्यावे, म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने वाचणाऱ्यांचीही सोय होईल.