विषय: आई-बाबांच्या प्राणिदर्शन सफरीसाठी छोटे जहाज कसे निवडावे?

एडिसन, न्यू जर्सीहून

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

ठाण्याला नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी ५० वर्षे होत आहेत आणि त्यानिमित्त त्यांना जहाजाने प्राणी-पक्षी पाहायला न्यावे, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. आई ७२ वर्षांची आहे, बाबा ७६. आईला पेंग्विन पाहायचे आहेत. माझ्यापुढे तीन प्रस्ताव आहेत: अंटार्क्टिकाला जाणारे ९० प्रवाशांचे एक जहाज, तिथेच जाणारे १९० प्रवाशांचे दुसरे, आणि प्रशांत महासागरातल्या, इक्वाडोर देशाच्या गालापागोस बेटांमध्ये फिरणारी १६ प्रवाशांची बोट. जहाज जितके छोटे तितके चांगले, असे प्रत्येक जण सांगतो. परंतु ते कशामुळे चांगले आणि किती छोटे असावे, याचा उलगडा मला कोणाकडूनच झाला नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ऐरोली, नवी मुंबईहून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

मी ३२ वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यानंतर काही वर्षे तिकडे मुलाकडे राहून मंडळाचे काम केले आणि आता ऐरोलीत स्थायिक झालो आहे. अंटार्क्टिकाचा प्रवास पत्नीसह प्रवासी म्हणून केला असल्यामुळे तुझ्या प्रश्नाकडे मला दोन्ही बाजूंनी पाहता येते.

जहाज किती छोटे आहे हे विचारण्याऐवजी, आपल्या वाट्याला जमिनीवरची किती मिनिटे येतात आणि आपल्यासोबत किती माणसांमागे एक वाटाड्या असतो, हे विचारावे. अंटार्क्टिकाचे नियम यासाठी नीट समजून घेतले पाहिजेत. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे माणसे उतरवताच येत नाहीत. एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर असू शकत नाहीत. आणि दर २० प्रवाशांमागे किमान एक वाटाड्या लागतो. म्हणजे ९० प्रवाशांच्या जहाजावरचे सगळे एकाच वेळी उतरतात आणि तीन तासांची फेरी असेल तर तीनही तास किनाऱ्यावर राहू शकतात, तर १९० प्रवाशांच्या जहाजाला दोन गट करावे लागतात: एक गट पेंग्विनांपाशी असताना दुसरा रबरी होडीतून हिमनगांच्या कडेने फिरतो आणि मग अदलाबदल होते. त्यात दर खेपेस प्रत्येकाचा जमिनीवरचा वेळ जवळपास निम्मा होतो. तरीही हा नुसता तोटा समजू नकोस. दगड-बर्फावर दीड तास चालल्यावर तुझ्या आई-बाबांच्या वयाची माणसे थकतात, आणि बर्फाच्या लादीवर पहुडलेला सील होडीतून जितका जवळून दिसतो तितका किनाऱ्यावरून क्वचितच दिसतो.

आमच्या बाबतीत मध्यस्थाने 'छोटे जहाज' एवढेच सांगितले होते आणि प्रवाशांचा आकडा आम्ही विचारला नव्हता. चढल्यावर कळले की आम्ही २०० च्या वर आहोत. जाड कोट, रबरी बूट आणि लाइफजॅकेट चढवून आपल्या गटाचे नाव पुकारले जाईपर्यंत खालच्या डेकवर ताटकळायचे, असे दिवसातून दोनदा होई. गुडघ्याच्या दुखण्यामुळे माझ्या पत्नीला त्या अवजड कपड्यांत उभे राहणे असह्य झाले आणि तिसऱ्या दिवसापासून तिने दुपारची फेरी सोडून दिली. इतक्या दूर जाऊन तिला खिडकीतून बर्फ पाहावा लागला, याची रुखरुख मला आजही आहे, आणि हे पत्र एवढे लांबण्याचे कारणही तेच आहे.

आता समुद्राविषयी लिहितो. दक्षिण अमेरिकेचे टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे आणि ती ओलांडायला जाताना सुमारे दोन दिवस, येताना तेवढेच लागतात. उघड्या समुद्रात छोट्या जहाजाला हेलकावे जास्त बसतात. त्याचे फायदे पाण्याच्या या नियमापासून त्याला वाचवू शकत नाहीत. हेलकावे कमी करणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, आहेत का हे अवश्य विचार, मात्र साध्या पद्धतीचे पंख जहाज पुरेशा वेगात असतानाच नीट काम करतात, हेही लक्षात ठेव. केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाजवळची घ्यावी. उंचावरची गच्चीवाली महागडी केबिन सर्वांत जास्त झुलते. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाजात बसण्याची सोय काही सफरींत असते. पण धुक्यामुळे विमान थांबले की वेळापत्रक बदलते, म्हणून हाताशी दिवस मोकळे हवेत.

बर्फात जाणाऱ्या जहाजाची मजबुती हा हौसेचा विषय नव्हे. २३ नोव्हेंबर २००७ रोजी 'एक्सप्लोरर' हे याच कामासाठी नावाजलेले जहाज बर्फावर आदळून किंग जॉर्ज बेटाजवळ बुडाले. त्यावरचे सर्व १५४ जण काही तास उघड्या होड्यांमध्ये काढून, जवळच असलेल्या दुसऱ्या जहाजामुळे वाचले. ध्रुवीय जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. जहाजाचा बर्फ-दर्जा काय, म्हणजे ते कितपत बर्फात जाण्याइतके मजबूत आहे, हे कंपनीने न चाचरता सांगितले पाहिजे.

गालापागोसचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे १०० पेक्षा जास्त प्रवाशांचे जहाज चालत नाही, राष्ट्रीय उद्यानात परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि एका वाटाड्यामागे १६ च प्रवासी असतात. त्यामुळे १६ प्रवाशांच्या बोटीवर बहुधा एकच वाटाड्या असतो, आणि तो तरुण मंडळींच्या वेगाने चालू लागला तर तुझ्या आई-बाबांना दुसरा पर्याय उरत नाही. ४० ते १०० प्रवाशांच्या जहाजावर तीन ते सात वाटाडे असतात आणि सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट करता येतो. म्हणून ज्येष्ठांसाठी मी सर्वांत छोटी बोट निवडणार नाही. त्याशिवाय, तिथे एखाद्या बोटीला त्याच ठिकाणी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा जाता येत नसल्यामुळे, एकच जहाज एका आठवड्यात एका मार्गाने जाते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मार्गाने. जहाज ठरवण्याआधी मार्ग ठरवावा, हे माझे मत ठाम आहे. गालापागोसचे पेंग्विन बहुतेक पश्चिमेकडे, फर्नांदिना आणि इझाबेला या बेटांच्या किनाऱ्यांवर असतात; पूर्वेकडच्या मार्गाने गेलात तर आईंची इच्छा बहुधा अपुरी राहील.

शेवटची सूचना आई-बाबांसाठी आहे. जहाजाच्या शिडीवरून हलत्या होडीत पाऊल टाकताना नावाडी आपले मनगट धरतो आणि आपण त्याचे मनगट धरायचे असते. नुसता पंजा धरला तर ओल्या हातातून तो निसटतो. हे जमते की नाही, हे पाहायला अंटार्क्टिकापर्यंत जायला नको. त्यांनी आमच्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी दाखवायला नेणाऱ्या होडीत एकदा बसून पाहावे. ती होडी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून सुटते, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्यावी.

नौपाडा, ठाण्याहून

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीने ऐरोलीच्या भाऊंचे पत्र आम्हांला पाठवले आणि उत्तर मीच लिहिते म्हणून तिला सांगितले, कारण जायचे आम्हांला आहे.

भाऊ, आपल्या सांगण्याप्रमाणे आम्ही परवा ऐरोलीला जाऊन आलो. होडीत चढताना मी नावाड्याचे मनगट धरले आणि माझे पाऊल अडखळले नाही. ह्यांनाही चढता-उतरता आले. खाडीचे पाणी संथ होते म्हणून परतताना ह्यांना काहीच झाले नाही; एरवी गेटवेहून मांडव्याला जातानासुद्धा ह्यांना बोट लागते. दोन दिवस ड्रेक ओलांडून जायचे आणि दोन दिवस तसेच परत यायचे, हे मला ह्यांच्यावर लादायचे नाही, म्हणून अंटार्क्टिकाचा विचार मी सोडला आहे.

होडीतून दिसलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. चिखलात रोवलेल्या एका वाशावर पाणकावळा पंख पसरून बसला होता आणि आमची होडी जवळून गेली तरी त्याने पंख मिटले नाहीत. या खाडीवर मी वर्षानुवर्षे पाणकावळे पाहत आले आहे. आपण लिहिलेल्या त्याच दोन पश्चिमेकडच्या बेटांवर उडता न येणारा पाणकावळा राहतो, जगात इतरत्र कुठेही नाही. त्याचे पंख खुरटे झाले आहेत, तरी पाण्यातून वर आला की तो ते पसरून वाळवत उभा राहतो, असे मी वाचले आहे. पेंग्विन दिसले तर आनंदच आहे, पण मला आता तो पक्षी पाहायचा आहे. तेव्हा मार्ग पश्चिमेचा आणि जहाज सावकाश चालणाऱ्यांचा गट करणारे, एवढे माझ्या बाजूने ठरले. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि ह्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. याबाबत आधी काय विचारून ठेवावे, ते कृपया कळवावे.

ऐरोलीहून

वहिनींना सादर नमस्कार.

निर्णय योग्य झाला. साधारण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत गालापागोसचा समुद्र थंड आणि जास्त खवळलेला असतो, तर डिसेंबर ते मे या काळात पाणी उबदार आणि बरेच शांत असते. भाऊसाहेबांना बोट लागते, तेव्हा मार्च-एप्रिल धरावा; पाणकावळे वर्षभर तिथेच असतात. जहाजावर डॉक्टर आहे का आणि आजारी माणसाला मोठ्या बेटावर किती वेळात पोहोचवतात, हे लेखी मागून घ्यावे, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च विम्यात धरलेला असावा. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन आठवडे जास्त पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का, हे त्याच डॉक्टरांना विचारावे. शाकाहाराविषयी 'व्हेजिटेरियन' एवढाच शब्द पुरत नाही, कारण काही ठिकाणी मासे आणि कोंबडीचा रस्सा त्यात चालतो असे समजतात. मांस, मासे, अंडी यांपैकी काय चालत नाही, ते एकेक करून लिहून द्यावे. उद्यानाचे परदेशी पाहुण्यांसाठीचे शुल्क ऑगस्ट २०२४ पासून माणशी २०० डॉलर आहे. ते सफरीच्या रकमेत धरले आहे की वेगळे, हे ताईने पाहून घ्यावे. पश्चिमेचा मार्ग कोणत्या तारखांना आहे, हे जहाज कंपनीकडून आल्यावर तारखा इथे पाठवाव्यात, म्हणजे केबिनचा नकाशा मी पाहून देईन.