मदत हवी आहे: मनगटाच्या एक्स-रेमध्ये जुनी झीज आणि नवा तडा वेगळे कसे ओळखावेत?

नमस्कार. अस्थिरोग किंवा क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझी आई, वय ६४, गेल्या आठवड्यात अंगणात घसरून उजव्या तळहातावर पडली. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढले. अहवालात ‘फ्रॅक्चर नाही, अंगठ्याच्या मुळाशी झिजेचे बदल’ एवढेच आहे, आणि क्रेप बँडेज व वेदनाशामक गोळ्या देऊन आम्हाला घरी पाठवले.

झिजेबद्दल शंका नाही. कपडे पिळताना तिचा अंगठा कित्येक वर्षांपासून दुखतो, आणि फिल्ममध्येही त्या सांध्यातली फट जवळजवळ बुजलेली व हाडांच्या कडा अधिक पांढऱ्या, टोकदार झालेल्या दिसतात. अडचण अशी, की त्याच सांध्यालगत तांदळाच्या कणीएवढा हाडाचा सुटा तुकडा दिसतो. आताचे दुखणे मात्र थोडे मागे, अंगठा ताणून वर उचलला की मनगटाच्या कडेला जो खळगा पडतो, तिथे दाबल्यावर नेमके उठते. तुकडा नवा की जुना, हे कशावरून ठरवतात? आणि पुन्हा एक्स-रे काढण्याचा आग्रह धरावा काय? आमच्याकडे एमआरआयची सोय नाही, म्हणून आधी विचारतो आहे.

प्रतिसाद:

फिल्म न पाहता निदान सांगणे योग्य नव्हे, तरी तुकड्याची कड नीट पाहावी. ती सगळीकडून गुळगुळीत आणि पांढऱ्या किनारीची असेल, तर तुकडा बहुधा जुना असतो. ताज्या तुटीची बाजू खडबडीत, बिनकिनारीची असते आणि शेजारच्या हाडावर कधी कधी तिच्याशी जुळणारी खाच सापडते.

मला मात्र तुकड्यापेक्षा खळगा महत्त्वाचा वाटतो. तिथे स्कॅफॉइड हे लहान हाड असते. त्याचा न सरकलेला तडा पहिल्या फिल्मवर न दिसणे मुळीच दुर्मीळ नाही, शिवाय नेहमीच्या कोनात हे हाड आखूड दिसते, म्हणून मनगट करंगळीकडे वळवून वेगळी फिल्म काढतात. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या भागातून आत येत असल्याने, मध्ये तडा गेल्यास मागचा भाग निर्जीव होण्याचा धोका असतो. त्यामुळे संशय असला, की हात स्थिर ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे घेतात.

या वयाच्या स्त्रियांत रेडियसचे (कोपरापासून मनगटापर्यंतच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे) मनगटाकडचे टोक मोडणे अधिक आढळते, तेही पुन्हा तपासून घ्यावे. त्या मोडीचे वर्णन डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी केले होते. तेव्हा बोटांना सापडलेल्या दुखऱ्या जागेला अहवालाइतकेच वजन द्यायला हरकत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे अहवालासोबत मूळ फिल्मही न्यावी, आणि एक्स-रेच्या चिठ्ठीवर दुखरी जागा स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे तंत्रज्ञाला योग्य कोन निवडता येतो.