गुरुजींचा मोबाइल: पेटीत की वर्गात?

पट_बावीस
"शाळेत पाय ठेवला की गुरुजींचा मोबाइल पेटीत, सुटी झाली की परत." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. मग हजेरी कोण भरणार? पोषण आहाराची रोजची नोंद? पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, कारकून नाही. ही सारी कामं शिक्षकाच्याच मोबाइलवर, त्याच्याच रिचार्जवर होतात. आधी शाळेला वेगळं यंत्र द्या, मग पेटी आणा.

राहिलं शिकवणं. दीक्षा या सरकारी शिक्षण-अॅपवरचा पाठ आदल्या दिवशी रेंज असेल तिथं उतरवून ठेवायचा. पुस्तकातला क्यूआर पुसट असला तर त्याच्याजवळचा सहा अक्षरी कोड टाकायचा. वर्गात विमान मोड. उतरवलेला पाठ चालतो, फोन येत नाही, मेसेज येत नाही. यात काय वाईट आहे?

कपाशी_पाटी
पोस्ट माझीच आहे. विमान मोड किती जण लावतात, ते सांगा ना गुरुजी. यूट्यूब लावून देतात. एक संपला की आपोआप दुसरा सुरू, मधात जाहिरात. सहा इंचांच्या पडद्याभोवती पंचवीस लेकरं, मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. धारणी-चिखलदऱ्याकडं तर पोरं घरी कोरकू बोलतात. दर मिनिटाला थांबवून त्यांच्या बोलीत सांगितलं नाही तर पहिलीचं लेकरू नुसती चित्रं पाहते. याले शिकवणं म्हणत नाही भाऊ.

तार_जोड
पडदा लहान म्हणून टीव्हीला जोडायला जातात अन् तिथंच फसतात. फोन टीव्हीला जोडणारी टाइप-सी ते एचडीएमआय तार घेण्याआधी फोनच्या चार्जिंगच्या पोर्टातून चित्र बाहेर येते का ते पाहा. स्वस्त फोनमध्ये बहुतेक येत नाही. तिथं साधी तार कितीही महाग घ्या, टीव्ही काळाच राहते. स्वतः काढलेला व्हिडिओ असेल तर पेनड्राइव्ह बरा. तो एफएटी32 या प्रकारात फॉरमॅट करा, पण 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. जुन्या टीव्हीवर आवाज येतो अन् चित्र येत नाही, तेव्हा बहुधा फोनने एच.265 या नव्या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्डिंग केलेलं असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जुना एच.264 निवडा. दीक्षात उतरवलेला पाठ मात्र पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीत उघडत नाही.

ओसरीवरून
तारांचं झालं असेल तर फोटोंकडं या. खिचडी खातानाचे, गणवेश वाटपाचे, वजन-उंची मोजतानाचे फोटो, खाली नाव अन् वर्ग. वरच्या कार्यालयातून मागितला म्हणून एक काढायचा, तोच पालक गटात, तोच स्टेटसला. बाकीच्या मोबाइलमध्ये तो आपोआप गॅलरीत उतरतो. कोणी बॅकअप चालू ठेवला असेल तर त्याच्या खात्यातही जातो. तुम्ही गटातून पुसला तरी तिथला पुसला जात नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं ते मूल, अन् त्याच्या माहितीसाठी पालकाची संमती घ्यावी असं लिहिलं आहे. स्टेटस ठेवताना कोणत्या माउलीला विचारता तुम्ही?

पट_बावीस
ताई, आमच्यावर काहून चिडता? फोटो वरून मागतात, नाही टाकला तर विचारणा होते. शाळेच्या शैक्षणिक कामाला त्याच कायद्याच्या नियमांत काही सवलत आहे.

ओसरीवरून
सवलत शैक्षणिक कामाला आहे, स्टेटसला नाही! अन् वरून फोटो मागतात, लेकराचा चेहरा मागत नाहीत. पाठमोरा काढा, ताटाचा काढा, हाताचा काढा. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सअॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जागेची नोंद त्यासोबत जाते, हे किती जणांना माहीत आहे? पालक गटात मेसेज फक्त अॅडमिनने टाकायचा अशी सेटिंग लावा. काम झालं की फोटो गॅलरीतून अन् कचरापेटीतूनही काढा.

कपाशी_पाटी
हेच तर म्हणून राहिलो मी! पेटी हवीच.

ओसरीवरून
नाही भाऊ. पेटीतला फोन चार वाजता हातात येतो अन् स्टेटस पाच वाजता लागतो. तुमच्या पेटीनं हे थांबत नाही.

पट_बावीस
फोटोचं मान्य. पाठमोरा काढता येतो, नाव न लिहिताही नोंद होते. संमतीचा कागद प्रवेशाच्या वेळीच घेता येईल, पण त्यात स्टेटस वेगळं लिहावं लागेल, सरसकट सही नको. पेटीला मात्र माझा विरोध कायम आहे.

कपाशी_पाटी
बरं, उतरवलेला पाठ अन् विमान मोड, एवढं चालेल. यूट्यूब वर्गात नाही म्हणजे नाही. अन् हजेरी भरायची तर पोरं प्रार्थनेला उभी असतानाच भरा, गणिताच्या तासाला नको.

पट_बावीस
प्रार्थनेच्या वेळी रेंज असली तर भरतो. नसली तर भिंतीवर चढून रेंज शोधावी लागते, तेव्हा तुम्ही फोटो काढू नका.